आळ्यातली राख

बाबांना अग्नी मी दिला. मला भाऊ नाही, मी एकटीच. चुलतभावाला पुढे करावं असं आत्याचं म्हणणं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण; सौसरला राहते आणि आमच्या घरातलं कुठलंही कार्य तिच्या सांगण्याशिवाय होत नाही. पण त्या दिवशी आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगीच देईन." आई आयुष्यात असं फारसं बोललेली नाही. त्यामुळे मडकं माझ्या खांद्यावर आलं.

कसं वाटलं, असं लोक नंतर मला विचारत. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हापासून आत कुणीतरी मेन स्विच पाडल्यासारखं झालं होतं. हातपाय चालत होते. आलेल्यांना चहा मिळाला की नाही, मांडववाल्याला कुणी सांगितलं की नाही, हे सगळं मला कळत होतं. बायका येऊन गळ्यात पडत आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत असे. काहीजणी तर माझ्याकडे बघून नाराज होऊन गेल्या. इतक्या लांबून रडायला यायचं आणि घरची पोरगी साथ देत नाही, म्हणजे त्यांचंही बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. मोहगावच्या अलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या टोकाला थोडी पडीत जागा आहे, दहन तिथंच झालं होतं. दूध-पाणी शिंपडलं आणि सगळे वाकून अस्थी वेचायला लागले. पांढरं ते मडक्यात, करडं ते टोपल्यात. मी पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. मिश्रणातले घटक वेगळे कसे करायचे हा धडा दरवर्षी नववीला घेते: निवडणं, चाळणं, गाळणं. तिथं वाकल्या वाकल्या माझ्या डोक्यात तो धडाच चालू होता. हाड म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम आणि फॉस्फरस. बाकीचा माणूस धूर आणि वाफ होऊन आधीच गेलेला. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तयार करावं तसं मी हे मनात नीट मांडून ठेवलं.

अस्थी नर्मदेला जाणार होत्या. राख मात्र आमच्याकडे आता बरेच जण शेतातच टाकतात. नदीला एक तर घोट्याएवढं पाणी असतं, आणि माणूस आपल्या वावरात राहतो हे घरच्यांना बरं वाटतं. पद्धत चांगली आहे. फक्त राख वावरभर पसरायची असते. आईला ते नको होतं. विहिरीजवळ एक संत्र्याचं झाड आहे, बाबा दुपारी त्याच्याखाली खाट टाकून जेवायचे. सगळी टोपली त्याच झाडाच्या आळ्यात रिकामी करा, असं तिनं सांगितलं.

"माय, एकाच झाडाले सगळी नोको टाकू," मी म्हटलं. "राखेत चुना अन् खार लय असते. झाडाले सोसणार नाही. आपली जमीन पहिलेच चुनखडीची आहे."

"राख चुलीची असते," आई म्हणाली. "हे तुह्ये बाबा आहेत."

यापुढे माझी एम.एस्सी. काय बोलणार. राख आळ्यात गेली. आईनं हातानं माती सारखी केली, वर दोन तांबे पाणी घातलं आणि पदरानं हात पुसले.

तेरवी झाली आणि मी पांढुर्ण्याला परतले. आई बगीच्यातल्या घरातच राहिली. चल माझ्यासोबत, म्हटलं तर म्हणाली, "ह्यांले एकटं टाकून कोठी येऊ?" मीही फार आग्रह केला नाही. आग्रह करायलाही आत काहीतरी हलावं लागतं.

शाळेत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. आमचे हिंदीचे सर चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांना सांत्वन केल्याशिवाय राहवत नाही. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर खुर्ची ओढून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर सायन्सवाल्या. परमाणु कधी नष्ट होत नाही, हे तुम्हीच शिकवता ना? बाबूजी इथंच आहेत, हवेत, मातीत." मी म्हटलं, "सर, या खडूतही कॅल्शियम आहे. हा खडू मला जेवली का म्हणून विचारत नाही." ते चहा अर्धा टाकून उठले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही.

नववीला नेमका तोच धडा आला होता. आमचा भाग हिंदी राज्यात येतो, त्यामुळे मुलांच्या घरात मराठी आणि फळ्यावर हिंदी. मूलद्रव्य, संयुग हे शब्द मी मोठेपणी वाचले. शिकले आणि शिकवते ते तत्व, यौगिक आणि मिश्रण. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड कागदावर एकत्र केली. वरून लोहचुंबक फिरवलं, कीस टपाटप चिकटला. पोरं खूश. हे मिश्रण, दोघं शेजारी बसलेत पण आपापले. मग तेच परीक्षानळीत घालून तापवलं. आत लाल धग पसरली, थंड झाल्यावर काळा गोळा निघाला. आता चुंबक लावा. काही नाही. लोखंड कुठं गेलं? आतच आहे. मग येत का नाही? कारण ते आता गंधकाशी जोडलं गेलंय, आता ते वेगळंच काहीतरी आहे, हे यौगिक.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आदमी तत्व है, यौगिक है कि मिश्रण?"

"मिश्रण," मी सांगितलं. "अनेक यौगिकांचं मिश्रण. पाणी सगळ्यात जास्त."

"और जलने के बाद?"

शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं. माझ्या घरी काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, या एकीला सोडून. मी फळ्याकडे वळून नीट लिहून दिलं: कार्बन वायुरूपात जातो, हायड्रोजन वाफेच्या रूपात, कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम राखेत उरतात. अक्षर चांगलं आलं. पोरांनी उतरवून घेतलं.

दर रविवारी मी बसनं सौसर आणि तिथून मोहगावच्या वाटेला जायचे. आईचा दिवस बरा चालला होता, म्हणजे तिचा दिवस त्या झाडाभोवती चालला होता. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ती विहिरीजवळ बसायची आणि बोलायची. आज मोटर बंद पडली. वानरांनी पलीकडच्या ओळीतली फळं खाल्ली. अमक्याच्या पोरीचं जमलं. मी लांबून ऐकायचे. तिच्या बोलण्यात रडणं वगैरे काही नसायचं. नवरा शेतातून आल्यावर बायको जे सांगते तेच ती सांगायची.

थंडी सरली, झाडांना नवी पालवी फुटली, बहर आला. सगळा बगीचा हिरवा, आणि ते एक झाड पिवळं. जुनी पानं ठीक होती. नवी पानं मात्र हळदीसारखी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे बघितल्यावर संत्र्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं की झाडाला लोह कमी पडलंय. आईलाही कळायला हवं होतं. बाबांनी अशी किती झाडं तिच्यासमोर दुरुस्त केली असतील. पण दुसऱ्या झाडाला जो रोग असतो, तो या झाडाला कसा असेल?

नेमकी त्याच वेळी आत्या येऊन गेली. मी पुढच्या रविवारी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती आणि स्वयंपाक झाला नव्हता.

"तुही आत्या म्हणे, झाड पिवळं पडून राहिलं म्हणजे दादा नाराज आहे," आई म्हणाली. "पोरीनं अग्नी देल्ला म्हणून. त्याईचा जीव अटकून आहे म्हणे. कोण्या महाराजाले विचारून आली थे. दर्भाचा माणूस करून पुतण्याच्या हातानं पुन्हा अग्नी द्या लागते."

"अन् तुले काय वाटते?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, पोरगीच देईन म्हणून. माह्यं चुकलं काय वं?"

इथं मला राग आला. राग तरी आला, हे मी स्वतःशी नोंदवून ठेवलं. आत्याचा राग आला, त्या न पाहिलेल्या महाराजाचा आला, झाडाचाही आला. बाबा गेल्याचं दुःख आईनं पचवलं असतं. पण आपल्यामुळे नवऱ्याला गती मिळाली नाही, हे एकदा मनात बसलं असतं तर ती त्या ओट्यावरून उठली नसती. तिनं आयुष्यात एकदाच आवाज चढवून काही ठरवलं होतं, आणि तेच तिच्यावर उलटत होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. बाकी कशाचंच काही वाटत नसताना एवढं एक मला नक्की कळत होतं.

मी तिला झाडाजवळ नेलं आणि पान तोडून हातात दिलं.

"माय, पाय. राखेत चुना असते. चुना जास्त झाला का मातीतलं लोह गंजल्यावाणी होऊन बसते. पाण्यात विरघळत नाही. झाडाले मुळानं पिता येते थे विरघळलेलंच. म्हणून पान पिवळं."

"मंग मातीत लोह नाही काय?"

"आहे ना. लय आहे. पण त्याले घेता येत नाही."

"जवळ आहे अन् भेटत नाही," आई म्हणाली.

"हो."

तिनं पान उलटसुलट करून पाहिलं. "तू शाळेत शिकवतं, तुले माहीत असन. पण आत्या म्हंते थे बी काही खोटं नसन." आईचं असंच असतं. ती दोघांचंही मन राखते आणि त्यात स्वतः होरपळते. आत्यानं अमावस्येचा दिवस धरला होता. पुतण्याला, भटजींना घेऊन येणार होती. माझ्या हाती तोवरचा वेळ होता.

नुसतं सांगून भागणार नव्हतं. नववीच्या पोरांनाही चुंबक फिरवून दाखवल्याशिवाय पटत नाही. मी अवजारांच्या कोठ्यात शोधलं. बाबांनी आणून ठेवलेली हिराकसाची, म्हणजे विरघळणाऱ्या लोहाच्या क्षाराची, पिशवी सापडली, पण आतलं हिराकस विटकरी पडलं होतं. हवा लागली की ते तसंच बिघडतं, मग झाडाच्या कामाचं राहत नाही. सौसरला जाऊन कृषी केंद्रातून नवं आणलं. फिकट हिरवे, ओलसर खडे. पाण्यात विरघळवले, त्यात लिंबू पिळलं, गाळून पंपात भरलं. बाबांचा पंप माझ्या पाठीला मोठा होत होता, पट्टे कुठं कमी करायचे तेही आठवत नव्हतं. ऊन उतरायची वाट पाहिली, कारण उन्हात मारलं तर पान जळतं.

आई मागोमाग आली. मी नळी हातात घेतली तशी ती म्हणाली, "थांब." मग झाडाकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अजी, पोरगी औषध मारून राहिली. डोळे मिटून घ्या जरासे."

तिनं मान हलवली, आता मार. मी फवारणी केली. आई बसते त्या बाजूची सगळी पानं ओली केली आणि दुसरी बाजू मुद्दाम तशीच सोडली. बाबांचाच जीव त्या झाडात असेल आणि तेच नाराज असतील, तर झाड दोन्हीकडे सारखंच पिवळं राहील. लोहाचा प्रश्न असेल, तर जिथं थेंब पडला तिथंच हिरवं होईल. आईला हे मी साध्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "बरं." परीक्षेला बसवल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

पुढच्या रविवारी बसमधून उतरल्यावर मी घरात न जाता थेट विहिरीकडे गेले. सोडलेली बाजू तशीच पिवळी होती. फवारलेल्या बाजूला प्रत्येक पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उठले होते. थेंब जिथं जिथं बसला तिथं तिथं, गोल, अगदी थेंबाएवढे. मधली जागा अजून पिवळीच. इतका स्वच्छ प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत कधी झाला नाही. मला खरोखर आनंद झाला. कित्येक दिवसांनी मी धावत सुटले आणि आईला हाक मारली.

आई आली. तिनं एक फांदी खाली ओढली, मग दुसरी. पलीकडे जाऊन सोडलेली बाजू पाहिली. परत इकडे आली. एका पानावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, मग शेजारच्या पिवळ्या जागेवर.

"जेथी थेंब पडला तेथीच," ती म्हणाली.

"तेथीच. आता मी राखेची माती वरून काढून सगळ्या बगीच्यात पसरवते. अन् दुसरी बाजू बी मारून टाकते. पावसाळ्यापर्यंत झाड बाकीच्यांसारखं होते."

"म्हणजे हे नाराज नोयते."

"नाही माय. झाडाले लोह पायजे होतं, तेवढंच. तुह्यं काहीच चुकलं नाही."

आईनं मान हलवली. घरात जाऊन तिनं स्वतः आत्याला फोन लावला. मी ओट्यावर बसून ऐकत होते. "नोको येऊ बाई. भटजीले बी नाही म्हणून सांग. पोरीनं देल्ला थोच अग्नी बरोबर आहे. झाडाले लोह कमी होतं, बाकी काही नाही." तिकडून आत्या बरंच बोलत होती. आईनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. आवाज जराही कापला नाही. मला वाटलं, आपण जिंकलो. दुपारी मी कुदळ घेऊन आळ्यातली वरची माती खणली, घमेल्यात भरून ओळीओळीनं टाकत गेले. करडी माती काळ्या मातीत पडली की दिसेनाशी व्हायची. झाडांची दूरची ओळ येईपर्यंत घमेलं रिकामं झालं. मी त्यात थोडं पाणी घालून विसळलं आणि तेही एका झाडाला टाकलं.

संध्याकाळी आईनं चहा केला. आपला कप घेऊन ती चुलीपाशीच बसली. मी वाट पाहिली. बाहेर उजेड कमी व्हायला लागला तरी ती उठेना.

"आज बसाले नाही चालली काय झाडापाशी?" मी विचारलं.

"कोणापाशी बसू?" आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती कपाकडे बघत होती. तक्रार करत नव्हती, रुसलीही नव्हती.

"पिवळं होतं तोवर वाटे, आहेत," ती म्हणाली. "रागावून का होईना, आहेत तं सही. माह्या मनाले लागे, पण मी बोलो तं ऐकून राहिले असं वाटे. आता तू सांगतलं, लोह होतं. बरं झालं. माह्यं चुकलं नाही हे बरंच झालं." तिनं कप खाली ठेवला. "मंग एवढे दिवस तेथी कोणीच नोयतं ना वं?"

मी शिक्षिका आहे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय आहे मला. उत्तर ठाऊकही होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "कोणीच नोयतं" असं म्हणायला गेले आणि रडूच फुटलं, आणि आईनंच सरकून माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बाबा गेले, हे मला तेव्हा कळलं.